हॉट रॉडची मागची कमान

उर्दूत कमान म्हणजे धनुष्य. गाडीच्या पाट्याला कमानी म्हणतात ते त्यावरूनच. १९०८च्या मॉडेल टीपासून १९४८पर्यंत फोर्ड मोटारींच्या मागच्या ॲक्सलवर अशी एकच आडवी कमानी असे. हा घोडागाडीचा वारसा. दक्षिण कॅलिफोर्नियातली बेताच्या ऐपतीची पोरे जुनी फोर्ड घेऊन तिची हॉट रॉड करत. कमानीची काही पाती काढली, मुख्य पात्याचे डोळे उलटे वळवले की गाडी खाली बसे. मग मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग आजमावायचा. पाती जास्त काढली तर मात्र ॲक्सल चेसीवर आदळे. किती ठेवायची, हे ज्याला कळे तोच कारागीर. वेगाचे आकडे नोंदले गेले. ही समज हातातून हातात गेली. आपल्या गॅरेजांतल्या उस्तादांचा इल्मही असाच, नोंदीविना. तो लिहून ठेवायला हवा.