यमुनेपासून यमूपर्यंत



एखाद्या जुन्या कादंबरीचे परीक्षण करावयाचे म्हटले की आपल्याकडे तीन शब्द ठरलेले असतात : स्वभावचित्रण, विषय आणि भाषाशैली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या तिघांना तीन स्वतंत्र परिच्छेद मिळतात आणि तिघांची गाठभेट होत नाही. पण ही तीन अंगे वेगवेगळी काढता येत नाहीत आणि त्यांचा परस्परसंबंध इतिहासावाचून कळत नाही, हे आज एका उदाहरणाने मांडावयाचे आहे. उदाहरण आपल्याच घरचे आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ साली पुस्तकरूपाने बाहेर पडली. दोन्ही पुस्तकांचा विषय हिंदू विधवेची स्थिती. दोन्हींच्या नायिकेचे नावही एकच. मग मधल्या छत्तीस वर्षांत बदलले काय?

आधी १८५७ कडे पाहू. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पदमनजींच्या पुस्तकाचे जोडनावच त्याचा हेतू सांगून टाकते. आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायद्याने दार उघडले खरे, पण उंबरठ्यावर अट ठेवली. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. आणि कायद्याहून मोठी अडचण लोकांच्या मनाची होती. पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झालेले. त्यांची यमुना पतीबरोबर, विनायकाबरोबर, प्रवासाला निघते आणि गावोगावी विधवांच्या कहाण्या ऐकते, डोळ्यांनी पाहते. पुढे विनायक अकाली मरतो आणि आजवर जिने इतरांची दुःखे पाहिली तिच्याच कपाळी ती येतात. शेवटी यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुन्हा विवाह करते.

या पुस्तकाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मराठीत स्वतंत्र कादंबरी लिहिण्याची वाटच जेव्हा पडलेली नव्हती, तेव्हा पदमनजींनी राजपुत्र, राक्षस आणि गुप्त भुयारे सोडून भोवतालचे घर हा विषय घेतला. पण यमुना ही व्यक्ती म्हणून आपल्याला कितपत आठवते? ती भली आहे, समंजस आहे, करुणाळू आहे. तथापि तिचे काम साक्षीदाराचे आहे. एक कहाणी संपली की ती पुढच्या गावी जाते. पुस्तकाची भाषाही त्याला साजेशीच आहे : सरळ, स्वच्छ, बाजू मांडणारी. पात्रे बोलतात ती एकमेकांशी कमी आणि वाचकाशी जास्त. विषय सज्जड, पण तो वाहून नेणारी व्यक्ती मात्र हलकी, असा हा प्रकार आहे.

यानंतरची तीस वर्षे मराठी कादंबरीने पदमनजींचा रस्ता सोडून दिला. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. सद्गुणी नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट, संकटे आणि शेवटी मीलन हा साचा ठरून गेला. भाषा संस्कृताच्या अलंकारांनी लवलेली. या वाङ्मयप्रकाराला आपण नावच मुळी बाणभट्टाच्या नायिकेचे दिले, तेव्हा तिचे दागिने पुढच्या लेकींच्या अंगावर आले यात नवल नाही.

पण रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक गोष्ट मोठ्या प्रामाणिकपणे नोंदवली आहे आणि ती मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. त्यांचे म्हणणे असे : आपल्या हिंदू लोकांच्या विवाहाच्या रीती आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही. रोज अनुभवास येते ते लिहावे तर त्यात मौज नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे.

हे विधान हसण्यावारी नेऊ नये. रिसबुडांची अडचण खरी होती. ज्या इंग्रजी कादंबऱ्या त्या पिढीच्या वाचनात येत, त्यांतील निम्मे कथानक लग्न ठरण्यापूर्वीच्या प्रेमावर उभे असे. आमच्याकडे मुलगी आठव्या-दहाव्या वर्षी बोहल्यावर उभी राही. वराची निवड तिने करावयाची नसे, तिच्याकडून कसली अपेक्षाही नसे. जिला काही ठरवावयाचेच नाही, तिच्या आयुष्यात कथानक यावे कोठून? रिसबुडांनी निष्कर्ष काढला : कथानक नाही, म्हणून कादंबरी नाही. हरिभाऊंनी नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले. काही ठरविण्याचा अधिकार नसणे, हेच त्यांनी कथानक केले.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, खानदेशातील पारोळ्याचा. पण घडण पुण्याची. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले, तेथे ते शिकले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली गेली तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. १८८२ साली ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाली होती. रखमाबाईंचा खटला १८८४ पासून मुंबईच्या न्यायालयात चालू होऊन अवघ्या देशात गाजला होता. आगरकर ‘सुधारक’ १८८८ पासून चालवीत होते आणि केशवपनावर त्यांची लेखणी तुटून पडत होती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली उघडले. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला; बारा वर्षांची मर्यादा घालण्यासाठी केवढे रण माजले! व्याख्याने, पत्रके, सभा यांचा धुरळा उडत होता. या गदारोळात विधवेच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ होते. विधवा स्वतः बोलत होती असे क्वचितच.

हरिभाऊंनी तिच्याच तोंडी कादंबरी दिली. यमू आपली हकीकत आपण सांगते, हा केवळ निवेदनाचा प्रकार नव्हे. त्यामुळे पुस्तकाची भाषाच बदलावी लागली. अलंकारिक संस्कृतप्रचुर मराठी यमूच्या तोंडी शोभणार कशी? तेव्हा माजघरातली, परसातली, विहिरीवरची बोली कादंबरीत आली : म्हणी, टोमणे, अर्धवट सोडलेली वाक्ये, सासुरवाशिणीची दबकी कुजबूज. ज्या बोलीला ग्रंथात शिरकाव नव्हता, तिने पानेच्या पाने व्यापली. शैलीचा हा बदल म्हणजेच एक सामाजिक घटना होती.

स्वभावचित्रणाचेही तसेच. यमू प्रथम दिसते ती खेळणारी, भावाशी भांडणारी, वडिलांच्या धाकाने गप्प होणारी पोर म्हणून. वाचक तिच्याबरोबर वाढतो. आईची सोशीकता तो तिच्या डोळ्यांनी पाहतो, आई गेल्यानंतरचे घर पाहतो, दुर्गीसारख्या मैत्रिणीच्या नशिबाची तिच्या नशिबाशी तुलना करतो. रघुनाथरावांबरोबर ती मुंबईस जाते, लिहावाचावयास शिकते, आणि त्या थोड्याशा सुखाच्या काळात तिला प्रथमच आपले असे मत फुटते. पुढे रघुनाथराव मरण पावतात आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे केशवपन सक्तीने होते, तेव्हा वाचकाला जो धक्का बसतो तो ‘एका विधवेवर अन्याय झाला’ एवढाच नसतो. विचार करू लागलेल्या माणसाला पुन्हा वस्तू करून टाकले, हे त्याला कळते. पदमनजींच्या वाचकाला विधवांची कीव येते. हरिभाऊंच्या वाचकाला यमूची ओळख झालेली असते, म्हणून त्याला लाज वाटते. कीव आणि लाज यांतील अंतर हेच त्या छत्तीस वर्षांचे अंतर होय.

हरिभाऊंचे दोष झाकण्याचे कारण नाही. पाल्हाळ पुष्कळ आहे. आठवड्याच्या आठवड्याला प्रकरण द्यावयाचे, तेव्हा आवरते घेणे कठीण. पण या लांबणीचा एक उपयोगही झाला : यमू वाचकांच्या घरी महिनोन्महिने येत राहिली. रघुनाथराव इतके गुणी आहेत की ते क्वचितच माणसासारखे चुकतात; उलट शंकरमामंजींच्या काळ्या रंगात दुसरी छटा शोधून सापडत नाही. दोन्ही कादंबऱ्यांचे जग उच्चवर्णीयांचे आहे, हीही मर्यादा सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती; तेथील बाईच्या दुःखांचा पाढा निराळा होता आणि तो या पानांत नाही. ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ साली पुण्यात काढणारे फुले दांपत्य या वर्तुळाबाहेरचे होते, हेही विसरता येत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. १८५७ च्या यमुनेला पुनर्विवाह मिळाला. १८९३ च्या यमूला तो मिळाला नाही. कायदा होऊन सदतीस वर्षे लोटली होती आणि त्याच १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह करून दाखवला. मग हरिभाऊ मागे सरले काय? मला तसे वाटत नाही. यमुनेची सुटका होते, पण त्यासाठी तिला आपला समाज सोडून बाहेर पडावे लागते. मागे राहिलेल्या घरांना काहीच करावे लागत नाही. यमूला लेखकाने दार काढून दिले नाही, म्हणून ते उघडण्याचे काम वाचकाच्या अंगावर पडले. यमूचे लग्न लावून दिले असते तर वाचक पुस्तक मिटून समाधानाने झोपला असता. नावातले प्रश्नचिन्ह पुसले गेले असते.

आणि ते पुसले गेले नाही, हे पुढच्या इतिहासाने दाखविले. केशवपनाची चाल गेली, तिची आठवणही पुसट झाली. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव करावा लागला आणि राज्य शासनाने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ठराव करावा लागला, याचाच अर्थ तोवर ती चाल जिवंत होती.

तेव्हा जुनी कादंबरी हाती घेताना तीन परिच्छेदांचा हिशेब बाजूला ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा : येथे बोलते कोण, आणि त्या माणसाला यापूर्वी कोणी बोलू दिले होते काय? उत्तर मिळाले की स्वभाव, विषय आणि शैली आपोआप एका सूत्रात गुंफली जातात. वाङ्मयाचा इतिहास म्हणजे ग्रंथांच्या सनावळ्या नव्हेत. कोणाचा आवाज केव्हा पानावर आला आणि तो ऐकून घेणारे कोण निघाले, याची ती नोंद आहे. यमूने आपले काम केव्हाच केले. लक्षात घेण्याचे तेवढे आपल्याकडे उरले आहे.