काळ्या पट्ट्याची बखर

आमच्या बीड जिल्ह्यात माणसाचा अधिकार ओळखायच्या खुणा पूर्वीपासून ठरलेल्या. पाटील फेट्यावरून ओळखावा, तलाठी दप्तरावरून आणि पैलवान कानावरून. ज्याचा कान फुटलेल्या भज्यासारखा दिसतो त्याच्याशी बाजारात हुज्जत घालू नये, एवढे शहाणपण पोराला शाळेत जाण्याआधीच आलेले असे. कान हे प्रमाणपत्र मोठे पक्के. ते विकत मिळत नाही, उसने आणता येत नाही आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरणही करावे लागत नाही. पाटोदा तालुक्यातल्या राहुल आवारेने २०१९ साली जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेव्हा पेपरातला त्याचा फोटो आमच्या एका म्हाताऱ्या वस्तादांनी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मला वाटले, पदक पाहताहेत. ते कान पाहत होते.

अशा मुलखात कमरेला सुती पट्टा गुंडाळून अधिकार सांगणारी माणसे अवतरली, तेव्हा त्यांची पंचाईत होणार हे उघडच होते. पट्टा म्हटला की आम्हांला दोनच ठाऊक. एक कचेरीतल्या पट्टेवाल्याचा. तो मिळाला की माणूस पेन्शनीपर्यंत निर्धास्त. दुसरा दांडपट्ट्यातला, तो फिरवणारे आता शिवजयंतीच्या मिरवणुकीपुरते उरले आहेत. हा तिसरा, काळा पट्टा कुठून आला, त्याची ही बखर.

बीड शहरात रेल्वे यायला २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. कराटेला एवढा दम नव्हता. ते एसटीने आले, आणि एसटीच्याही आधी सिनेमाच्या पेटीतून आले. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ सालचा. तो अमेरिकेत झळकण्यापूर्वी महिनाभर, जुलैमध्ये, ब्रूस ली वारलाही होता. आमच्याकडे चित्रपट पोचेपर्यंत त्या रिळांवर इतक्या रेघा उमटल्या होत्या, की हा गडी सबंध मारामारी भर पावसात करतो अशी पुष्कळांची समजूत झाली. तो करी ते कराटे नव्हतेच. चिनी कुंग फूच्या घराण्यातून निघालेले त्याचे स्वतःचे काहीतरी होते. पण असले भेद करत बसायला वेळ कुणाला? १९८३ साली मिथुन चक्रवर्तीचा 'कराटे' याच नावाचा चित्रपट आला आणि उरलीसुरली शंकाही मिटली. मुंबईत परवेझ मिस्त्री, विस्पी कापडिया अशा पारशी मंडळींनी रीतसर वर्ग चालवून पोरे तयार केली होती. मोठ्या शहरांतून लहान शहरांत असे ओघळत ओघळत ते लोण आमच्या तालुक्याला पोचले.

मी तेव्हा तिथल्या एका शाळेत लिपिक होतो. माझ्या टेबलामागची खिडकी मैदानावर उघडे आणि त्या मैदानावर संध्याकाळी पाचला कराटे सर मुले घेत. सर अंगाने किरकोळ. सकाळी ते एका प्राथमिक शाळेत पाढे शिकवीत आणि संध्याकाळी जपानी अंक. या अंकांचा पहिल्या दिवशीच घोटाळा झाला. इची, नी, सान इथपर्यंत मुले गंभीर होती. चौथा अंक 'शी'. सरांनी ठोसा मारून "शी!" अशी गर्जना केली मात्र, चाळीस मुले पोट धरून खाली बसली. पुढे कितीतरी वर्षे मी त्या खिडकीतून कारकुनी केली, पण एकही नवी तुकडी चौथ्या अंकाच्या पलीकडे पहिल्या दिवशी गेलेली मला आठवत नाही.

वस्ताद एकदा बघायला आले. बराच वेळ उभे राहून त्यांनी विचारले, "मास्तर, ह्यो पट्टा सुटला तर पायजमा ऱ्हातोय का?"

"पायजम्याला नाडी आहे, वस्ताद."

"मग पट्टा कामून?"

सर निरुत्तर झाले नाहीत. ते इतिहासात शिरले. कराटे मूळचे आपलेच, म्हणाले. बोधिधर्म नावाचा दक्षिणेतला राजपुत्र चीनला गेला, शाओलिनच्या मठात त्याने भिक्षूंना ही विद्या दिली, तिथून ती जपानला गेली. आणि पट्ट्याचे म्हणाल, तर पूर्वी सगळ्यांचा पट्टा पांढराच असे. तो कधी धुवायचा नाही. वर्षानुवर्षे घाम, माती, रक्त शोषून तो काळा होई. तोच हा ब्लॅक बेल्ट, हजारो वर्षांचा.

"म्हंजे कळकट हाय म्हना," वस्ताद म्हणाले आणि निघून गेले.

आता, लिपिकाला इतिहास येत नसला तरी एक गोष्ट येते: कागदावरची तारीख पाहणे. मी मिळेल ते वाचत गेलो आणि आवक-जावक तपासत गेलो. बोधिधर्म चीनला गेला तो पाचव्या-सहाव्या शतकात. त्याने व्यायाम शिकवल्याची कथा ज्या ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला. हजार वर्षांनी आवक नोंद झालेल्या कागदावर कुठलाही हेडमास्तर सही करणार नाही. घामाची गोष्ट तर तारखेआधीच नाकाला पटत नव्हती.

खरा काळा पट्टा एका मास्तराने काढला. जिगोरो कानो त्याचे नाव. १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध देवळात बारा चटया मावतील एवढ्या खोलीत, नऊ शिष्य घेऊन, त्याने ज्युदोचा वर्ग सुरू केला. वय जेमतेम बाविशीचे. पुढे हा गृहस्थ तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा प्रमुख झाला, म्हणजे आपल्या भाषेत बी.एड. कॉलेजचा प्रिन्सिपॉल. जपानात तोवर अशी रीत, की गुरू प्रसन्न झाला तर कागदाच्या गुंडाळीवर अधिकारपत्र लिहून देई, आणि दोन गुंडाळ्यांमध्ये कित्येक वर्षे जात. मुलगा तोवर कशाच्या आशेवर टिकणार? वरच्या वर्गात घातले नाही तर पोर शाळा सोडते, हे मास्तराइतके कुणाला कळते! कानोने 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून 'दान' ही श्रेणी उचलली आणि १८८३ साली दोघा शिष्यांना पहिले दान दिले. पुढे १८८६ च्या सुमारास दान मिळालेले शिष्य कमरेला काळे बांधू लागले. हजारो वर्षांचा तो पट्टा असा काँग्रेसपेक्षाही वर्षभराने धाकटा निघाला.

ज्युदो आपल्याकडेही लवकर आले होते. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी नावाच्या ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते. पण शांतिनिकेतनाहून बीडला एसटी नाही.

कराटेची कथा तर आणखी मास्तरी. ते ओकिनावा बेटावरचे. तिथे गुरू होते, शिष्य होते, पट्टा मात्र नव्हता. गिचिन फुनाकोशी हा तिथला शाळामास्तर. तीस-एक वर्षे त्याने प्राथमिक शाळेत पोरे हाकली. १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याने तोक्योत खेळांचे प्रदर्शन भरवले, तिथे हा पन्नाशी उलटलेला माणूस कराटे दाखवायला गेला. कानोने त्याला आपल्याकडे बोलावून ते पुन्हा करून दाखवायला लावले, आणि फुनाकोशी तोक्योतच राहिला. राहिला म्हणजे कसा? ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक खोली, तिच्या बदल्यात अंगण झाडायचे आणि फाटकावर बसायचे. पैसे संपले तेव्हा टोपी आणि किमोनो गहाण टाकले. जेवणाची तजवीज तर वाचण्यासारखी आहे: वसतिगृहाच्या आचाऱ्याला त्याने कराटे शिकवायला घेतले आणि त्याबद्दल जेवणाच्या पैशांत सूट मिळवली. आचाऱ्याला गुरुदक्षिणा द्यायला लावणारे गुरू पुराणात आहेत, पण खानावळीच्या बिलातून वळती करून घेणारा हा पहिलाच.

याच फुनाकोशीने १९२४ साली सात जणांना कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. पांढरा पोशाख आणि दानाची पद्धत दोन्ही कानोकडून उचललेली. त्याला स्वतःला मात्र असा पट्टा कुणी दिलेला नव्हता. देणार कोण? त्याच्या गुरूंना ही भानगड माहीतच नव्हती. मधले रंग, म्हणजे पिवळा, नारिंगी, हिरवा, यांचे प्रस्थ युरोपात वाढले. पॅरिसमध्ये कावाइशी नावाच्या जपानी शिक्षकाने १९३५ पासून ते चांगलेच रुजवले. फ्रेंच माणसालाही पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा रस्ता रुक्ष वाटला असावा.

हे सगळे मी एका संध्याकाळी सरांना सांगितले. मला वाटले, माणूस हिरमुसेल. ते उलट खूश झाले. "म्हणजे हे मास्तरांचंच काम की हो!" असे दोनदा म्हणाले. मग मी आणखी एक सांगितले: पहिल्या दानाचा शब्द 'शोदान', त्याचा अर्थ 'पहिली पायरी'. आणि 'सेन्सेई' म्हणजे नुसता 'आधी जन्मलेला'. सर जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पहिली पायरी! आमच्याकडं तर पट्टा मिळाला की पोरगं येणंच बंद करतंय."

तेही खरेच होते. पट्टा मिळालेली पोरे वर्गात दिसेनाशी झाली, पण पाट्यांवर दिसू लागली. तालुक्यात हां हां म्हणता चार-पाच वर्ग निघाले. एका पाटीवर पेंटरने 'ब्लॅक बेल्ट, तिसरे दान' असे लिहिले. वाचणाराला रक्तदान, नेत्रदान यांच्या पुढचा काही प्रकार वाटावा. मग प्रात्यक्षिकांचा सुकाळ झाला. गणपतीत कौले फोडायची, छातीवर शहाबादी फरशी ठेवून घणाने फोडायची, पोटावरून मोटारसायकल न्यायची. कौलांच्या उतरंडीत मधे पेन्सिली ठेवतात, म्हणजे वरचे कौल खालच्याला आपोआप फोडत जाते, हे मला खिडकीतून दिसे. पण टाळ्या वाजवणाराला पेन्सिल दाखवणे हा अरसिकपणा झाला. फोडलेल्या कौलांचे पैसे कोण देतो यावरून वर्गावर्गांत भांडणेही झाली.

पुढे प्रमाणपत्रांना भाव आला, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. मग या संघटनेचे प्रमाणपत्र चालते की त्या, यावर खल सुरू झाला. आणि वर दिल्लीतही फार वेगळे नव्हते. भारतीय संघटनेची मान्यता जागतिक महासंघाने २०२० साली काढून घेतली. ऑलिंपिकमध्ये कराटे एकदाच आले, तोक्योच्या खेळात, तेही करोनामुळे वर्षभर लांबून २०२१ साली; पॅरिसला २०२४ मध्ये ते वगळले गेले. काळ्या पट्ट्याची जात अशी, की कमरेला घट्ट आणि कागदावर ढिली.

सरांकडे एक मुलगी येई. तिचे आईबाप ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची गावे अर्धी होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल घेतलेली, आणि कोयत्यामागे पोरे. ती उगवायची मार्च-एप्रिलात. पट्ट्याच्या परीक्षा नेमक्या जानेवारीत, कारण बाहेरगावचे परीक्षक थंडीतच यायला तयार. बरोबरच्या पोरी हिरव्या-निळ्या झाल्या, ही पांढरीच. सरांनी काय केले? हजेरीपटावरचे तिचे नाव कधी खोडले नाही. सहा-सहा महिने तिच्या नावापुढे रिकामी घरे, पण नाव जागेवर. मी कारकुनी सवयीने म्हटले, "सर, सतत गैरहजर आहे, कमी करा." ते म्हणाले, "गैरहजर नाही, कामावर आहे." मेच्या उन्हात परीक्षक येईनात, तेव्हा सर तिला आणि आणखी दोघा-तिघांना एसटीत घालून परीक्षकांच्या दारात नेऊन उभे करू लागले.

ती कोपीबाहेर, उसाच्या पाचटावर काता करी. काता म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली. मी विचारले, "पाचटावर पाय घसरत नाही का गं?"

"घसरतोय की. म्हणून तर रोवायला आला."

तिला काळा पट्टा मिळायला नऊ वर्षे लागली. शाळेच्या ओट्यावर छोटा समारंभ झाला. वस्ताद काठी टेकत आले होते. त्यांनी तिचे कान नाही, हात पाहायला मागितले. तळव्यावर कोयत्याचे घट्टे आणि मनगटापर्यंत उसाच्या पात्याचे ओरखडे. वस्तादांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही, आणि पट्टा कशाला हा प्रश्नही पुन्हा विचारला नाही.

नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू पडले नाही. संघटना भलतीच निघाली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने पेटीत ठेवला. समग्र शिक्षा योजनेत शाळांतल्या मुलींना तीन-तीन महिने स्वसंरक्षण शिकवतात, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने, त्यात तिला एका शाळेवर काम मिळाले. मानधन बेताचे आणि तीनच महिन्यांचे. सर आता निवृत्त आहेत, मीही आहे. मागे एकदा त्या शाळेवरून जात होतो, तर मैदानावर नवी तुकडी उभी. पहिलाच दिवस असावा. ती पुढे उभी राहून मोजत होती. इची. नी. सान. शी! पन्नास मुली फिदीफिदी हसत सुटल्या. ती रागावली नाही. कमरेवर मुठी ठेवून शेवटच्या मुलीचे हसू संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "गो."