मालवणचे चाचे, कोल्हापूरचे आरमार

आपल्या घरातली मुलं 'वन पीस' नावाची जपानी चित्रमालिका बघतात. तिच्यात लोगटाऊन नावाचं एक जुनं बंदर आहे. चाच्यांचा राजा तिथंच जन्मला आणि तिथंच त्याला चारचौघांदेखत देहदंड झाला. त्या गावात नवे चाचे येऊन उतरतात आणि आपली मुलं श्वास रोखून चाच्यांचीच बाजू घेतात. मालिकेत सरकारने परवाना दिलेले सात चाचेही आहेत. लूट तीच, पण त्यांना गुन्हा लागत नाही! इतिहास वाचणाऱ्या आम्हा मंडळींना ही कल्पना फार ओळखीची वाटली. कारण असं एक बंदर कोल्हापूरचंही होतं. आज आपलं पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा. समुद्र बघायचा तर आपण सुट्टी काढून घाट उतरतो.

ते बंदर म्हणजे मालवण. समोरच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. पुढे सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या झाल्या, १७३१ साली वारणेचा तह झाला, आणि हा किल्ला कोल्हापूरकडे राहिला. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग घेतला. त्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यानंतर मुंबईकर इंग्रजांना या किनाऱ्यावर सलणारे मुख्यतः दोघे उरले, मालवणकर आणि वाडीचे सावंत. कंपनीच्या कागदांत 'मलवान' हे जणू चाच्यांच्या एका जातीचंच नाव होऊन बसलं आहे. खेम सावंतांचं तर त्यांनी 'केम्पसांत' करून टाकलं!

आता हे चाचे होते की आरमार? नुसत्या गलबताकडे बघून ते ठरत नाही. ज्याच्या दर्यातून जायचं त्याचा कौल किंवा दस्तक घ्यायचं. नसेल तर जहाज धरलं जायचं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून हेच केलं, इंग्रजही आपले परवाने देत होते. मग तेच मालवणकरांनी केलं की चाचेगिरी कशी? इथवर आपल्या लोकांच्या टाळ्या हमखास मिळतात.

पण टाळ्या घेऊन उठता येत नाही, कारण मालवणकरांवरचा सगळ्यात कडक अभिप्राय इंग्रजांचा नाहीच. तो आपल्याच घरचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने लिहिलेलं. त्यात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. पंत सांगतात की आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. बंदरातल्या पैदास्तीवर तो लावून देऊ नये. तसं केलं तर सावकारांना उपद्रव होतो, सावकारी बुडते. कौल असलेल्या तरांड्याच्या वाटेला तर जाऊच नये. बावड्याच्या डोंगरात जहागीर असलेल्या माणसाला बंदराचं अर्थशास्त्र इतकं नेमकं कळलं होतं, याचं आम्हाला दर वेळी नवल वाटतं.

पंतांनी नको म्हटलं, नेमकं तेच पुढे घडलं असं आम्हाला दिसतं. संभाजी महाराज १७६० मध्ये वारले. जिजाबाई राणीसाहेब पन्हाळ्यावरून दत्तक शिवाजी महाराजांच्या नावे कारभार पाहू लागल्या. मिरजेकडून पटवर्धन रेटत होते, मुलूख जहागिरींत वाटलेला, खजिना आटलेला. अशा राज्यात आरमाराला वेळेवर पगार कुठून मिळणार? त्याने आपलं पोट दर्यावर भरलं. आणि कंपनीच्या बावट्याखाली फिरणारा माल काही सगळा गोऱ्यांचा नसायचा. मुंबई-सुरतेच्या देशी सावकारांचाही असायचा. चाळीस-पन्नास वल्ह्यांचं गलबत वारा पडला असताना अंगावर आलं, की त्या तांडेलाला राज्य कुणाचं याच्याशी काय देणंघेणं?

१७६५ साली मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'. पण किल्ला राखणं परवडेना, पाडणंही सोपं नव्हतं. तेव्हा पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांहून अधिक रुपये आणि व्यापाराला त्रास न देण्याचं वचन घेऊन तो कोल्हापूरला परत दिला. एवढी रक्कम रिकाम्या खजिन्यावर पडली. भरपाई कुठून व्हायची, ते उघड आहे. १७९२ मध्ये इंग्रजांनी पुन्हा मोहिमेची तयारी केली, तेव्हा महाराजांनी तह केला: १७८५ पासूनचं व्यापाऱ्यांचं नुकसान भरून द्यायचं, शिवाय मालवणात आणि कोल्हापुरात कंपनीला वखार घालू द्यायची.

शेवट झाला १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने. तो मात्र समुद्रावरच्या लढाईतून आलेला नाही. पेशव्यांच्या दडपणातून सुटायला कोल्हापूरला कंपनीचं संरक्षण हवं होतं, आणि त्याची किंमत म्हणून मालवण बंदर व सिंधुदुर्ग द्यावा लागला. चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सुटला. किल्ल्यावर शिवराजेश्वराचं देऊळ होतं, ते राहिलं. गुराबा आणि गलबतं गेली. त्याच वर्षी वाडीच्या सावंतांनाही वेंगुर्ला सोडावा लागला. ती हकीकत पुढच्या व्याख्यानात घेऊ.