श्वास रोखून धरणारा भात

परवा ऑफिसात कोड साफ करताना एक जुनं मॉड्यूल सापडलं. कोण वापरतं कोणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, उडवून टाकू. आमचा सीनियर म्हणाला, "राहू दे रे, खातंय का काही?" मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि ठेवलं. शनिवारी भातावर वाचत बसलो आणि गडी बरोबर बोलला असं वाटायला लागलं. :)

तर गोष्ट अशी. भाताला पाणी लागतं हे आपल्याला शाळेपासून माहीत. पण अख्खं रोप पाण्याखाली गेलं तर तेही बुडून मरतं, हे मला तरी माहीत नव्हतं. रोप बुडालं की त्यात इथिलीन वायू साठतो. तो जणू हुकूम सोडतो : वाढ, डोकं वर काढ! रोप जिवाच्या आकांताने उंच होऊ लागतं आणि त्यात साठवलेली सगळी साखर संपवतं. आठवड्याभराने पूर ओसरतो तेव्हा ते इतकं थकलेलं असतं की आडवं होतं ते होतंच. भारत आणि बांगलादेशातल्या पूरपट्ट्यात लाखो शेतकऱ्यांनी हेच पाहिलेलं आहे.

आता गंमत पहा. याच जातीत, म्हणजे ओरायझा सटायव्हामध्येच, दोन टोकाचे स्वभाव आहेत. बांगलादेशातला खोल पाण्यातला भात पुराबरोबर शर्यत लावतो. तो दिवसाला वीसेक सेंटीमीटर वाढू शकतो आणि कित्येक मीटर उंच होतो. पाणी महिनोन्महिने टिकणार असेल तर हे शहाणपण. ओडिशातला धालपुटिया नावाचा देशी भात मात्र नेमका उलटा. बुडाला की गप्प बसतो. वाढ थांबवतो, साखर राखून ठेवतो आणि पाणी उतरलं की पुन्हा फुटतो. आपला लॅपटॉप हायबरनेट होतो ना, अगदी तसं! दोन आठवडे तग धरतो.

हे कोणी शोधलं? खरं उत्तर, नाव नसलेल्या शेतकऱ्यांनी. पूर येऊन गेल्यावर जे उभं राहिलं त्याचंच बी त्यांनी पिढ्यानपिढ्या ठेवलं. पुढे संशोधकांनी त्यातून निवड करून एफआर१३ए हा वाण काढला. एफआर म्हणजे 'फ्लड रेझिस्टंट', नाव सरळच. त्याचं बी फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोचलं आणि १९७० च्या दशकातल्या चाचण्यांत ते उठून दिसलं. पण उत्पन्न कमी, दाणा कोणाला फारसा न आवडणारा. जुन्या पद्धतीने संकर करून पाहिले, तर पुराला टिकण्याबरोबर नको ते गुणही यायचे. शेतकऱ्यांनी ते वाण घेतले नाहीत. वर्षं गेली, बी थंड खोलीत पडून राहिलं. आमच्या त्या मॉड्यूलसारखंच.

१९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी हा गुण नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडून दाखवला. २००६ मध्ये पामेला रोनाल्ड, ज्यूलिया बेली-सेरेस यांच्यासह त्यांनी नेमकं जनुक जाहीर केलं : सब-१ए. काही भातांत हे जनुक मुळीच नसतं, काहींत असतं पण वेगळ्या स्पेलिंगचं. सगळा फरक एवढाच!

मग पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या 'स्वर्णा' वाणात तेवढाच तुकडा आणला. संकर करायचा, रोपांचा डीएनए तपासायचा, हवा तो तुकडा असलेलं रोप निवडायचं आणि पुन्हा स्वर्णाशीच संकर. बाकी स्वर्णा जशीच्या तशी, फक्त एक पॅच. बाहेरच्या कुठल्याही जातीचं जनुक नाही. २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' भारतात अधिकृतपणे आलं.

२०१३ मध्ये ओडिशातल्या शेतांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेत दहा दिवस बुडालं तर स्वर्णा-सब१ चं उत्पन्न नेहमीच्या वाणापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त, आणि पूर आला नाही तर तोटा काही नाही. पण मला थांबवलं ते दुसऱ्या निष्कर्षाने. पुरात बुडणाऱ्या सखल जमिनी जास्त करून खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या वाट्याला आलेल्या आहेत. म्हणजे गावाने ज्यांना वाईट जमीन दिली, त्यांनाच या बियाचा जास्त फायदा. जमिनीची वाटणी कुठलंही जनुक बदलणार नाही, हेही खरं. पण त्या घरातलं वर्षाचं धान्य वाचतं, आणि ते थोडं नाही.

फिलिपीन्सच्या त्या बीज पेढीत आज सव्वा लाखाहून जास्त नमुने आहेत. त्यातले बहुतेक कमी उत्पन्नाचे, बाजारात कोणी विचारणार नाही असे. कुठल्यात उद्याच्या दुष्काळाचं, खाऱ्या पाण्याचं, नव्या रोगाचं उत्तर आहे, हे आज नुसतं बघून सांगता येत नाही. पेढीतलं बी निदान जपलेलं तरी आहे. जे पेढीत आलंच नाही आणि शेतकऱ्याने पेरायचं सोडलं, त्याचा बॅकअप कुठेच नाही. तिथे 'अनडू' नसतो.

असो. सोमवारी सीनियरला चहा पाजणार आहे. कारण मात्र सांगणार नाही, उगाच चढून बसेल.