मातापित्यांचे रक्त आणि अपत्यजन्म : कुरखेडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मातापित्यांच्या आजाराचा अपत्यजन्मावर काय परिणाम होतो, हा प्रश्न युरोपात सीलिअक रोगाच्या निमित्ताने बराच चर्चिला गेला आहे. या रोगात गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते. निदान व पथ्य न झालेल्या मातांची मुले कमी वजनाची निपजण्याचा संभव अधिक असतो, असे तेथील अभ्यासांत दिसून आले. भात हे ज्यांचे मुख्य अन्न, त्या कुरखेडा परिसरात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. येथे तो आतड्याचा नसून रक्ताचा, म्हणजे सिकलसेलचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. माता स्वतः सिकलसेलग्रस्त असेल, तर रक्तक्षय, वेदनेचे झटके आणि वारेचा अपुरा रक्तपुरवठा यांमुळे गर्भपात, अकाली प्रसूती, अल्पवजन व मृतजन्म यांचा धोका वाढतो. हा परिणाम मातेच्या देहाच्या द्वारे घडतो आणि प्रसूतीच्या वेळीच दिसतो. याउलट, माता व पिता दोघेही केवळ वाहक असतील, तर गर्भारपण बहुधा सुरळीत पार पडते. मात्र प्रत्येक अपत्य ग्रस्त निपजण्याचा संभव चारांत एक असतो. असे अपत्य जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याचे काही महिने रक्षण करते. ते ओसरल्यावर, साधारणतः सहाव्या महिन्यानंतर, रोग प्रकट होतो. पहिल्या प्रकारात पित्याचा वाटा दिसत नाही; दुसऱ्यात तो मातेइतकाच असतो.

हा भेद शास्त्राला एकाएकी उमगला नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन जेम्स हेरिक यांनी शिकागो येथे १९१० मध्ये केले. परंतु रोगी हा दोन वाहकांचे अपत्य असतो, हे नील व बीट यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले ते १९४९ मध्ये. त्याच वर्षी पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. हिवतापग्रस्त अरण्यप्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, याचा उलगडा त्यातून झाला.

भारतात लेमान व कटबुश यांना १९५२ मध्ये निलगिरीतील जमातींत हा दोष आढळला. मध्य भारतातील वाहकांविषयीचा नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या आरंभीच्या काळात रक्ताकडे मुख्यतः मानववंशाचा पुरावा म्हणून पाहिले गेले. कोणती जमात कोणाशी संबंधित, हा प्रश्न पुढे राहिला. त्या रक्ताच्या स्त्रीची प्रसूती कशी होते, हा मागे पडला. पुढील अभ्यासांनी हा दोष केवळ आदिवासींपुरता नसून विदर्भातील इतर अनेक समाजांतही असल्याचे दाखविले.

१९८२ मध्ये चांदा जिल्ह्याचे (चंद्रपूरचे) विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. १९८४ पासून कुरखेडा येथे डॉ. सतीश गोगुलवार व शुभदा देशमुख यांच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेचे कार्य सुरू झाले. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी जिल्ह्यात ‘सर्च’ची स्थापना केली. बंग दांपत्याने आरंभीच सिकलसेलचा शोध घेतला. तथापि लोकांना तो आपला निकडीचा प्रश्न वाटत नव्हता, असा अनुभव डॉ. बंग यांनी पुढे नमूद केला आहे. अर्भकांचे मरण ही मात्र घरोघरची व्यथा होती. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरच्या घरी नवजाताची शुश्रूषा करण्याच्या ३९ गावांतील प्रयोगात नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयोगाचा सिकलसेलशी थेट संबंध नव्हता. परंतु अल्पवजन व जंतुसंसर्ग यांवर गावातच इलाज होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले.

सिकलसेलच्या बाबतीतही असेच प्रत्यंतर जमैकात आले. किंग्स्टन येथे १९७३ पासून एक लक्ष प्रसूतींतील नवजातांची तपासणी झाली. ग्रस्त मुलांच्या मातांना प्लीहा हाताने चाचपण्यास शिकविले गेले, तेव्हा प्लीहेत रक्त साकळून होणारे मृत्यू घटले. रक्तातील दोष तोच राहिला. बदलली ती त्याविषयीची दक्षता.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. वरील इतिहासाच्या प्रकाशात त्याची कसोटी दोन गोष्टींत आहे, असे आम्हांस वाटते. गर्भवतीबरोबर तिच्या पतीचेही रक्त तपासले जाते काय, आणि निदानानंतर नवजातावर पहिली काही वर्षे लक्ष ठेवले जाते काय? पत्नी वाहक ठरली आणि पतीची तपासणीच झाली नाही, तर अपत्याच्या आजाराचा दोष तिच्याच माथी येतो, आणि उपवर मुलीच्या हातातील तपासणीचा कागद तिच्या विवाहातील अडसर होऊन बसतो. आनुवंशशास्त्राने १९४९ मध्येच पित्याला मातेच्या बरोबरीने उभे केले आहे. आरोग्यव्यवस्थेच्या नोंदवहीतही त्याचे नाव त्याच ओळीत आले पाहिजे.