रिपेअर की रिप्लेस?

वॉरंटीतला लॅपटॉप बिघडला की प्रश्न येतोच: दुरुस्त करून घ्यायचा की बदलून मागायचा? मला अशा वेळी ॲपलचा बटरफ्लाय कीबोर्ड आठवतो. २०१५ साली आलेला हा कीबोर्ड इतका पातळ, की धुळीच्या कणानेही बटण अडकायचं. २०१८ मध्ये ॲपलने खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्ती जाहीर केली. पण मॅकबुक प्रोमध्ये कीबोर्डपायी बॅटरीसकट अख्खी टॉप केस बदलायची, आणि नवा कीबोर्डही पुन्हा बटरफ्लायच! २०१९ च्या अखेरीस जुनी कात्रीवाली रचना परतली. २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतला खटला ५ कोटी डॉलर्सवर मिटवला, चूक मात्र कबूल केली नाही. थोडक्यात काय मंडळी, एखादा पार्ट गेला तर रिपेअर ठीक. डिझाइनच गंडलं असेल तर वेगळं मॉडेल मागा.