मजुराच्या सुरक्षेची वही कोणाच्या हातात? लोखंडे ते काठी: एक इतिहास

असंघटित कामगारांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम होतो. शिबिर भरते, रक्तदाब मोजला जातो, गोळ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. यात मजूर रांगेत उभा असतो. त्याला काय दुखते हे विचारले जाते, पण ते का दुखते आणि कोणी थांबवायचे हे त्याला कोणी विचारत नाही. आमचा मुद्दा एवढाच आहे की कामगाराला सुरक्षा मिळाली ती तो रांगेतून उठून टेबलावर बसला तेव्हाच मिळाली. महाराष्ट्राचा इतिहास हेच सांगतो. आणि जिथे हा इतिहास अर्धवट राहिला, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले काठी.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. 1884 साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा अशी मागणी होती. कामावरच्या सुरक्षेची ही यादी कोणा तज्ज्ञाने केलेली नव्हती. ज्यांची बोटे यंत्रात जात होती त्यांनीच ती केली. 1890 साली रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवारी झोपतो तेव्हा लोखंड्यांची आठवण किती जणांना असते?

पुढचा टप्पा बाबासाहेबांचा. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात, 7 ऑगस्ट 1942 रोजी, दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसले. हे टेबल महत्त्वाचे आहे. मालकाच्या दयेवर किंवा सरकारच्या कृपेवर सोडलेला विषय तिथे हक्काच्या वाटाघाटीत आला. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब स्वतः धनबाद भागातल्या कोळसा खाणीत उतरले. 1944 साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्यांच्याच काळात बी. पी. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कारखान्यातला आठवडा 48 तासांचा झाला तो 1946 च्या दुरुस्तीने.

पण या विमा कायद्यात एक खिडकी बंद ठेवली गेली. तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि कायद्याच्या व्याख्येत साखर कारखाना हंगामी होता. म्हणजे कारखान्याच्या आतला कामगारही बाहेर. मग ज्याचे नावच कारखान्याच्या पटावर नाही, जो मुकादमाच्या वहीत फक्त एक ‘कोयता’ आहे, त्या ऊसतोड मजुराची काय कथा? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसे मिळून एक हत्यार, असा हा हिशेब आहे.

ही बंद खिडकी महाराष्ट्रात काहींनी ढकलून उघडली. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. मालक रोज बदलत असला तरी मंडळ कायम, आणि त्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी. मजुरीवर लेव्ही, त्यातून भविष्य निधी आणि दवाखाना. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी, ज्यांत बहुसंख्य आपल्याच समाजाच्या आहेत, 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. आधी ओळखपत्र, मग महापालिकेशी बोलणी, मग विमा, असा तो क्रम होता. ज्याला नाव नाही त्याला अपघातही नसतो, हे त्या बायांनी आपल्या आधी ओळखले होते.

आता सातपुड्याकडे येऊ. नंदुरबार हा जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. याच भागात, शहाद्यात, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले भजन गाणारे कार्यकर्ते तिच्या मुळाशी होते. सालदारांची मजुरी, गेलेल्या जमिनी आणि रोजगार हमीची कामे हे तिचे प्रश्न. पण आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट बायांनी केली. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्याला जाब विचारला. संघटनेच्या पुरुष पुढाऱ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय आधी नव्हता. मजूर बाईला घरात आणि कामावर कशाची भीती वाटते, हे तिने स्वतः सांगितले. लोकसहभाग हा शब्द योजनांच्या कागदावर येण्याच्या कितीतरी आधीचा हा लोकसहभाग आहे.

तो शब्द कागदावर आला 2007 साली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावाने आपल्या उपकेंद्राला लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यासमोर बोलायचे. डॉक्टर का नाही, औषध बाहेरून का आणायला लावले, हे आदिवासी बाई माइकवर विचारू लागली. ही कमाई लहान नाही.

मग अडले कुठे? देखरेख गावात राहिली आणि मजूर सीमेपलीकडे गेला. दिवाळीनंतर या जिल्ह्यातल्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या उसात उतरतात. बारडोलीच्या साखर कारखान्यांनी खानदेशातून मजूर कसा ओढून नेला आणि कसा पिळला, हे अभ्यासक यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकातच लिहून ठेवले आहे. फडात पहाटे थंडीत तोड, डोक्यावर मोळी, पाचटात साप, पालाच्या झोपडीत बाळंतपण. गावच्या आशाताईच्या वहीत गरोदर म्हणून नोंद असलेली बाई पाचव्या महिन्यात दुसऱ्या राज्यात असते. तिकडच्या वहीत ती नाहीच.

1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा नेमका हिच्यासाठी होता. पाच मजूर नेले तरी कंत्राटदाराला परवाना हवा होता, प्रवासभत्ता हवा होता, औषधोपचार हवा होता. प्रत्यक्षात परवाना दाखवणारा मुकादम आम्हाला अजून भेटलेला नाही. आणि 2020 च्या संहितेने पाचाची मर्यादा दहावर नेली. छोटी टोळी कायद्यातूनही सुटली.

नोंद नसली की काय होते, ते बीडने दाखवले. 2019 साली शासनाच्या समितीसमोर आले की पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजार 861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीत खाडा पडला तर पैसे कापले जातात, अंगावर उचल आहे, फडात पाणी नाही, आडोसा नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा रस्ता इथून जातो. त्यानंतर ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि शासनाने तेवढेच द्यायचे ठरले. पण नंदुरबारचा जो मजूर गुजरातचा ऊस तोडतो, त्याच्या टनाचे पैसे कोणत्या तिजोरीत जातात? हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

मित्रांनो, काठीची होळी सर्वांना माहीत आहे. दूरदूरच्या फडांतून मजूर त्यासाठी गावी येतात. ती होळी आदिवासींची आहे, तिथे आपला मंडप टाकायचा नाही. पण होळीनंतर चार दिवस माणसे गावात असतात, त्या दिवसांत ग्रामसभा होऊ शकते. काठी पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. मुकादमाची उचल ही सावकारी नाही तर दुसरे काय आहे?

म्हणून मागणी साधी आहे. निघण्याआधी ग्रामसभेच्या वहीत नोंद व्हावी: कोण जातो, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, उचल किती, टोळीत गरोदर कोण, लहान मुले किती. प्रत्येक टोळीतल्या एका बाईने जखम, साप, ताप, बाळंतपण लिहावे. लिहिता येत नसेल तर खुणा कराव्यात. होळीनंतर ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, तिची प्रत तहसीलदार, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कामगार कार्यालयात जावी. दसऱ्याला मुकादम नवी उचल घेऊन येईल, तेव्हा गेल्या हंगामाचा हिशेब आधी त्याच्यासमोर ठेवावा.

आपले काम काय? वही लिहायला शिकवणे, अर्ज टाइप करणे, कार्यालयात सोबत जाणे. टेबलावर मात्र बसायचे ते फडातल्या बाईने. लोखंड्यांच्या निवेदनावर सह्या कामगारांच्या होत्या आणि 1942 च्या टेबलावर कामगाराची खुर्ची होती. काठीच्या मजुराची खुर्ची 80 वर्षांनंतरही रिकामी असेल, तर बाबासाहेबांचे ते टेबल अजून अपुरे आहे असेच म्हणावे लागेल.

जय भीम! जय जोहार!